अनसाईची ओली वादी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. खरपडीत कुणालाही विचारलंत तर तो म्हणेल, मला माझ्या आज्यानं सांगितली आणि आज्याला त्याच्या आज्यानं. तेव्हा आजे मोजत बसण्यापेक्षा गोष्ट ऐकलेली बरी.

खरपडी गाव घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलेलं. गावाच्या एका अंगाला नाळ, म्हणजे दोन कड्यांमधून खाली कोकणात उतरणारी उभी, अरुंद वाट. दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगराच्या डोक्यावर सडा, म्हणजे नुसता उघडा काळा कातळ. गावातले पुरुष नाळ उतरून जायचे आणि मिठाची गोणी पाठीवर घेऊन चढून यायचे. बायका डोंगरावर गवताला आणि सरपणाला जायच्या. दोन्हीकडचा दगड असा करवती, की साधं पायताण आठ दिवसांत खाऊन टाकायचा. खरपडीत म्हणच पडली होती, ‘नवरा जुना चालंल, तळ जुना चालायचा न्हाई.’

अशा गावाच्या कुसाबाहेर, चिंचेच्या झाडाखाली, अनसा पायताणं शिवायला बसायची. खरं तर ते काम तिच्या नवऱ्याचं, रावजीचं. पण ऐन तिशीत रावजीचे डोळे गेले. चार दिवस घरात चूल पेटली नाही. पाचव्या दिवशी अनसानं त्याची आरी, म्हणजे कातडं टोचायचं हत्यार, उचलली आणि चिंचेखाली जाऊन बसली. गाव हसलं. बाईमाणसानं घरामागं कातडं कमवावं, पण आरी धरून चार माणसांत बसावं, हे कुणी पाहिलं नव्हतं. रावजी शेजारी बसून बोटांनी टाके चाचपायचा आणि म्हणायचा, “ह्यो सैल. उसव. परत घाल.” वर्षभर त्यानं तिला उसवायला लावलं. मग एक दिवस त्यानं सगळ्या पायताणावरून बोट फिरवलं आणि काहीच बोलला नाही. त्यानंतर गावाचंही हसणं हळूहळू बंद पडलं.

अनसाचं पायताण तीन थरांचं असायचं. बाभळीच्या सालीत महिनाभर मुरवलेलं कातडं, आणि शिवायला दोरा नाही, तर कातड्याचीच बारीक वादी. असं म्हणतात, तिचा जोड घालून माणूस शंभर वेळा नाळ उतरला तरी तळ नुसता गुळगुळीत व्हायचा, फाटायचा नाही. एका म्हाताऱ्याचा जोड त्याच्या माघारी नातवाला दिला, आणि त्या नातवाला नातू झाला तरी तोच जोड पायात होता, असंही म्हणतात. यात थोडं मीठ जास्त पडलं असेल. गावच मीठ वाहणाऱ्यांचं, त्याला कोण काय करणार?

पण तिची खरी विद्या वेगळीच होती. अनसा तळ वाचायची. झिजलेलं पायताण उलटं करून मांडीवर घेतलं, की पुढच्या माणसाचं सगळं तिला कळायचं. एकाला म्हणायची, “डावा गुडघा धरलाय न्हवं? म्हईनाभर वझं उचलू नगंस.” दुसऱ्याला म्हणायची, “नाळंत उजव्या भितीला टेकून उतरतूस. सोड ती सवय, तिथला धोंडा सुटलाय.” आणि तो धोंडा खरंच आठ दिवसांत कोसळायचा. एका नव्या नवरीच्या टाचेकडं बघून ती हसली आणि हळूच म्हणाली, “सासूला सांगितलंस का न्हाई अजून?” नवरीला स्वतःलाच अजून ठाऊक नव्हतं.

आता या कामात एक गोष्ट चांभाराच्या घरातल्या रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक असते. वादी ओली करून टाका घालायचा. ओली वादी वाळताना आवळते, मग ती पावसात भिजो की ओढ्यात, धरलेलं सोडत नाही. कोरडी वादी वरून घट्ट दिसते, पण पाणी लागलं की ताणते आणि टाका सैल पडतो. म्हणून अनसाजवळ दगडात कोरलेली एक कुंडी असायची आणि तिच्यात वाद्या भिजत पडलेल्या असायच्या. कातड्याचं पाणी ते, विटाळ नको म्हणून गावातली बाई त्या कुंडीजवळून जाताना पदरसुद्धा सावरून जायची.

एका मंगळवारी सकाळी ओझेकऱ्यांची रांग नाळेकडं निघाली होती. कोंडिबा नावाचा तरणा गडी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, एका पायावर उड्या मारत चिंचेखाली आला. त्याच्या टाचेच्या पट्ट्याचा एक टाका निघाला होता.

“अनसाक्का, आटप लवकर! समदी फुडं गेली.”

कुंडी त्या दिवशी कोरडी पडली होती. पाणी आणायचं म्हणजे ओढ्यापर्यंत जाऊन यायला हवं. अनसानं वादी हातात घेतली, जरा थांबली, आणि मनाशी म्हणाली, एकच तर टाका आहे. तिनं तो कोरडाच घातला आणि चांगला आवळला. कोंडिबा हसत पळाला.

दुसऱ्या दिवशी मिठाची गोणी पाठीवर घेऊन तो नाळ चढत होता. मधला ओढा त्यानं पार केला. ओढ्यापुढं दगडात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर टाचेचा पट्टा सुटला, पायताण फिरलं, आणि कोंडिबा गोणीसकट खाली गेला.

सोबत्यांनी त्याचं प्रेत उचलून आणलं आणि त्याचं पायताण चिंचेखाली टाकलं. “दगड वला व्हता, पाय घसरला,” असं सगळे म्हणाले. अनसानं पायताण उलटं केलं. टाका तुटला नव्हता, सैल पडला होता. रावजीनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं.

“कुनाला कळायचं न्हाई,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“मला कळलंय न्हवं,” अनसा म्हणाली.

ती तशीच उठली आणि कोंडिबाच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याची बायको सारजा उंबऱ्याशी बसली होती. अवघी अठरा-एकोणीस वर्षांची पोर. अनसा म्हणाली, “सारजा, दगडावरनं न्हाई पडला तुजा धनी. टाका मी घातलाता. कोरडा घातलाता.”

सारजानं तिच्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पायातली पायताणं काढली, तीही अनसानंच शिवलेली, आणि अनसाच्या पुढ्यात ठेवली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसानंतर सारजानं कधी पायात काही घातलं नाही. वैशाखात तापलेल्या वाटेनं, पावसात काट्याकुट्यांतून, गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती अनवाणी चालायची. अनसाशी एक शब्द बोलायची नाही. अशी अठरा वर्षं गेली.

आणि त्याच दिवसानंतर अनसानं एक रीत सुरू केली. पायताण शिवून झालं की शेवटचा टाका ती ठेवायची. भिजलेली वादी मालकापुढं धरायची आणि विचारायची, “बघ, वली हाय का?” मालकानं बोटांनी वादी चाचपायची, “वली हाय” म्हणायचं, आणि शेवटचा टाका स्वतःच्या हातानं घालायचा. त्याशिवाय जोड मिळायचा नाही. एकदा पाटील म्हणाले, “अगं, माझा विश्वास आहे तुझ्यावर. दे तसंच.” अनसा म्हणाली, “तुमचा आसंल, पाटील. माझा न्हाई.” पाटलांनी मुकाट्यानं बाही सावरली आणि वादी चाचपली. अशानं झालं काय, की सगळ्या खरपडीला एकच टाका यायला लागला. कुंभाराला येत होता, गुरवाला येत होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांना येत होता. बाकी काही नाही, फक्त शेवटचा टाका.

सारजा रोज चिंचेवरून जायची. ती जवळ आली की अनसा मान खाली घालायची. ती पुढं गेली की मान वर करायची आणि धुळीत उठलेली तिची पावलं बघायची. कुठल्या टाचेला भेग पडली, कुठल्या अंगठ्यात काटा मोडला, कुठल्या साली उजवा पाय जड पडायला लागला, सगळं ती वाचायची. अठरा वर्षांत त्या पावलांचा एक दिवसही तिनं चुकवला नाही. बोलायची सोय नव्हती, औषध द्यायची सोय नव्हती. एवढंच करता येत होतं, आणि ते करून तिचा जीव तुटायचा.

मग तो चैत्र आला. देवीच्या जत्रेला चार दिवस उरले होते. जत्रेआधी मिठाची शेवटची खेप म्हणून गावातले सगळे धडधाकट पुरुष नाळ उतरून गेले होते. बायका घरं शाकारायच्या गवतासाठी डोंगरावर गेल्या होत्या. एकतीस जणी होत्या.

इथं खरपडीची एक चाल सांगितली पाहिजे. डोंगरावरचा सडा आणि त्याच्या खालची गवताची उतरण ही सडजाई देवीची जागा. तिथं कातडं न्यायचं नाही, असा नेम होता. उतरणीच्या पायथ्याशी एक मोठी शिळा आहे, तिला पायताणाची शिळा म्हणत. वर जाणाऱ्या बायका तिथं पायताणं काढायच्या आणि अनवाणी पुढं जायच्या. त्या दिवशीही तीस जणींनी आपापले जोड शिळेवर ठेवले. सारजाला काढायला काही नव्हतंच.

दुपारी डोंगराला वणवा लागला. कसा लागला ते कुणालाच कळलं नाही. वाळलेलं गवत, वाळलेली कारवी, त्यात वारा. बघता बघता आग अख्खी उतरण खात वर गेली. बायका सड्याकडं धावल्या. सड्यावर जळायला काही नव्हतं, आग कातळापाशी येऊन थांबली. पण शिळेवरचे तीस जोड तिनं गिळले.

धूर विरळ झाला तेव्हा खालून गावानं वर पाहिलं. सड्याच्या कडेला लुगड्यांचे पदर हलत होते. म्हाद गुरवानं बोटानं मोजलं. एकतीस. सगळ्या जित्या होत्या. म्हाताऱ्यांनी हात जोडले, लेकुरवाळ्या रडू लागल्या.

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. सड्याच्या तीन बाजूंना कडा. चौथ्या बाजूला उतरण, आणि तिच्यावर घोटाभर खोल निखारे. कारवीचे जळके खुंट भाल्यासारखे वर आलेले. वर सावली नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि चैत्रातलं ऊन कातळाला तव्यासारखं तापवतंय. एकीनं उतरायला पाय टाकला आणि किंचाळून मागं घेतला, ते खालून दिसलं. निखारे विझायला दोन दिवस लागले असते. एवढा वेळ त्या बायकांना कुठून मिळायचा?

“पाय पायजेत त्यास्नी,” अनसा म्हणाली. “येकतीस जोड पायजेत.”

घरात चार जोडांचं कातडं होतं. अनसा पाटलांच्या विहिरीवर गेली. विहीर आटली होती आणि पाणी उपसायची कातडी मोट काठावर पडून होती. तिनं ती कातडं कापायच्या रापीनं उभी फाडली. तरी पुरेना. मग ती गावातल्या सडजाईच्या देवळाकडं वळली, पायरीशी थांबली, आणि आतल्या नगाऱ्याकडं बोट केलं.

म्हाद गुरव आडवा आला. “अनसा, देवीचा नगारा हाय त्यो. चार दिसांवर जत्रा हाय.”

“देवी वर सड्यावर हाय, गुरव. आन् तुमची सून तिच्या पायाशी बसलीया. नगारा वाजला न्हाई तर देवी रागवंल, का सून आली न्हाई तर?”

गुरवानं स्वतःच नगारा उचलून पायरीवर आणला आणि तोंड फिरवून उभा राहिला. रापी चालल्याचा आवाज त्याच्या काळजातून गेला.

अनसानं माप घेतलं नाही. खडूची रेघ मारली नाही. गावातलं प्रत्येक पाऊल तिला पाठ होतं. एकेकीचं नाव घेत ती तळ कापत गेली. मग तिनं वाद्या सोलल्या, आणि सगळ्या चिंचेखाली गोळा झालेल्यांकडं वळली. “तुमास्नी येकच टाका येतो, शेवटचा. आज समदे टाके शेवटचेच समजा.”

कुणीतरी म्हणालं, “अनसा, येळ न्हाई. गावात पानी न्हाई, वढाबी आटलाय. कोरडीच शिवूया.”

अनसाचे हात थांबले. “कोरडा टाका मी येकदा घातलाय,” ती म्हणाली.

एक म्हातारी उठली, घरात गेली, आणि पिण्याच्या पाण्याचा एकुलता एक हंडा काखेत घेऊन आली. जिच्या जवळून ती आजवर पदर सावरून जायची, त्या कुंडीत तिनं हंडा रिता केला. तिच्यामागून दुसरी आली. असं म्हणतात, एकतीस जोडांचं कातडं त्या कुंडीनं भिजवलं, पण कुंडीतलं पाणी बोटभरही खाली गेलं नाही. काही म्हणतात तो देवीचा चमत्कार. काही म्हणतात चमत्कार कसला, बायका मागून ओततच होत्या. मी म्हणतो, त्या गावात त्या बायकांनी त्या कुंडीत ओतलं, याहून मोठा चमत्कार आणखी कोणता हवा?

सगळं गाव शिवायला बसलं. म्हातारा कुंभार बसला, पाटलांची म्हातारी बसली, गुरवही पायरी उतरून येऊन मांडी घालून बसला. रावजी मधोमध. शिवलेलं प्रत्येक पायताण त्याच्या हातात यायचं, तो बोट फिरवायचा आणि एक तर “उसव” म्हणायचा किंवा काहीच म्हणायचा नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा तीस जोड तयार झाले, आणि कातडं संपलं.

“झालं की,” कुणीतरी म्हणालं. “सारजा तर अनवानीच असती. तिला कशाला?”

अनसा घराआड गेली. थोड्या वेळानं आली तेव्हा तिच्या हातात एकतिसावा जोड होता. तिचे स्वतःचे पाय ओल्या गोणपाटात गुंडाळलेले होते. आत पायताणं असतील, वरून धग लागू नये म्हणून गुंडाळले असतील, असं सगळ्यांना वाटलं. तिनं एकतीस जोड टोपलीत रचले, वर ओलं फडकं घातलं, आरी अंबाड्यात खोवली, टोपली डोक्यावर घेतली आणि कुणाला हाक न मारता निघाली. बाकीच्यांच्या पायात घरापुरत्या पातळ वहाणा होत्या. तिच्या मागं जाणार कोण?

ती शिळेजवळ पोचली असेल तेव्हा रावजी चाचपडत घराआड गेला. त्याच्या हाताला तिच्या पायताणांचे नुसते वरचे पट्टे लागले. खालचे तळ उसवून काढलेले होते. रावजी तिथूनच ओरडला, “अरं, तिच्या पायात तळ न्हाई!”

गावानं वर पाहिलं. राखाडी उतरणीवर एक टोपली सरळ रेषेत वर चढत होती. ती कुठं थांबली नाही, कुठं वाकडी झाली नाही. असं म्हणतात, गोणपाट अर्ध्या वाटेतच जळून गेलं. असं म्हणतात, ती पाय ठेवी तिथला निखारा तेवढ्यापुरता काळा पडे आणि पाय उचलला की पुन्हा लाल होई. खाली म्हातारी माणसं श्वास धरून बघत होती. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी अनसाचं, आणि सांगणारे सांगतात की त्या वेळी दोन्ही नावं एकमेकांत मिसळली.

सड्यावर पोचल्यावर तिनं टोपली उतरवली. एकेकीला हाक मारून जोड दिला. प्रत्येकीच्या पायात तो बरोबर बसला. एकमेकींचा हात धरून बायका उतरायला लागल्या. ओलं कातडं निखाऱ्यावर चर्र वाजत होतं, वाफ निघत होती, पण एकही टाका सुटला नाही.

सारजा एका बाजूला कातळावर बसली होती. “माझं पाय दगूड झाल्यात,” ती म्हणाली. “मी जाईन तशीच.” अठरा वर्षांत अनसाशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

अनसा तिच्यापुढं बसली. टोपलीतला शेवटचा जोड काढला. उजव्या टाचेला थोडं जाड, जिथं भेग होती. अंगठ्याशी थोडं रुंद, जिथं काटा मोडून गाठ झाली होती. टाचेच्या पट्ट्याचा एक टाका राहिला होता, आणि वादी लोंबत होती. अनसानं ती तिच्यापुढं धरली.

“बघ,” ती म्हणाली. “वली हाय का?”

सारजानं जोडाकडं पाहिलं. मग तिची नजर अनसाच्या पायांवर गेली. तिथं काय दिसलं ते ती पुढं आयुष्यभर कुणाला सांगू शकली नाही. तिनं हात पुढं केला. वादी दोन बोटांत धरली. अठरा वर्षं तिनं या बाईचा राग केला होता, आणि आता तिच्या बोटांना गार पाणी लागत होतं. तिला रडू फुटलं.

“वली हाय,” सारजा म्हणाली. “वली हाय गं, आक्का.”

अनसानं अंबाड्यातली आरी काढून तिच्या हातात दिली. सारजानं आपल्या हातानं शेवटचा टाका घातला, जोड पायात चढवला, आणि पाठ वाकवून अनसापुढं बसली. “चढ,” ती म्हणाली. अनसा नको म्हणाली. “चढ म्हनते न्हवं!”

आणि मग गावानं ते पाहिलं. उतरणीवरून तीस जणी खाली आल्या, आणि त्यांच्यामागून एकतिसावी, दुसरीला पाठीवर घेऊन. नगाऱ्याचं कातडं नाही, मोटेचं नाही, तर अनसाच्याच पायातले जुने तळ. त्यांनी दोघींचा भार तोलला आणि निखाऱ्यांतून खाली आणला.

असं म्हणतात, अनसाचे पाय त्यानंतर कधी जमिनीला लागले नाहीत. ऐकून बाहेरगावची माणसं विचारतात, म्हणजे ती अधांतरी चालायची की काय? तर तसं नाही. ती रोज सकाळी सारजाच्या पाठीवर बसून चिंचेखाली यायची. सारजा तिच्याजवळ काम शिकली. अनसा सांगायची, सारजा शिवायची, आणि रावजी बोट फिरवून म्हणायचा, “उसव.” त्या साली पाऊस पडल्यावर जळक्या उतरणीवर पहिलं गवत उगवलं ते पावलांच्या आकारात, शिळेपासून सड्यापर्यंत एका ओळीत. आजही श्रावणात ती ओळ बाकीच्या गवताहून गर्द दिसते. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, पण पायात चांगलं काहीतरी घालून जा.

पुढं अनसा गेली, तिच्यामागून सारजाही गेली. तेव्हा म्हाद गुरवाच्या मुलानं सारजाचा तो जोड उचलला आणि थेट गाभाऱ्यात नेऊन सडजाईच्या पायाशी ठेवला. ज्या अनसानं हयातीत देवळाची पायरी ओलांडली नव्हती, तिच्या पायातले तळ आत गेले. कुणी अडवलं नाही. नगाऱ्याला नवं कातडं चढलं, पण जत्रेत पालखी चिंचेपाशी आली की नगारा थांबतो. तिथं आता अनसाई म्हणून शेंदूर लावलेला एक दगड आहे आणि पुढ्यात ती कुंडी. तिच्यात रोज कुणी ना कुणी घरातलं तांब्याभर पिण्याचं पाणी ओततं. कुणाची पाळी लावलेली नाही, तरी कुंडी कधी कोरडी दिसत नाही.

आता मिठाच्या गोण्या कुणी वाहत नाही. डोंगरावर विजेचे खांब गेलेत, तारा ओढणारी माणसं जाड बूट घालून येतात. रस्त्याच्या कामावरचे येतात, वनखात्याचे रखवालदार येतात. खरपडीचा दगड त्यांचेही बूट खातो. मग ते चिंचेखालच्या दुकानात तळ बदलून घ्यायला थांबतात. दुकानदार आता नायलॉनच्या दोऱ्यानं शिवतो. नायलॉनला पाण्याचं काय कौतुक? तरी तो दोरा कुंडीत बुडवतो, शेवटचा टाका ठेवतो, आणि बुटाच्या मालकापुढं दोरा धरतो. नवखा माणूस गोंधळतो. शेजारचा कुणीतरी त्याला कोपरानं ढोसतो आणि काय म्हणायचं ते सांगतो.

आणि सगळ्या मुलखात देवाला जायचं तर पायातलं बाहेर काढतात, पण खरपडीच्या सडजाईला अनवाणी गेलेलं चालत नाही. पायताणाच्या शिळेपाशी आता कुणी जोड काढत नाही. तिथं माणूस थांबतो, वाकतो, शिळेवर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून आपल्या बुटाच्या टाचेचा टाका चाचपतो. वाकलेला असतो तोवर डोकंही आपोआप टेकतं. मग तो “वली हाय” म्हणतो आणि बूट घालूनच सड्यावर देवीपुढं जातो.